स्वतःच्या नावाचा पत्ता

बँकेच्या कोणत्याही अर्जावर नावाखाली एक रकाना असतो, पत्त्याचा. पुरुष तो फारसा विचार न करता भरतो. बाईच्या बाबतीत मात्र, निदान माझ्या पिढीने हाताळलेल्या कागदांवर, पत्त्याच्या आधी आणखी एक शब्द येत असे. तो शब्द म्हणजे द्वारा. लग्नाआधी वडिलांच्या द्वारा, लग्नानंतर नवऱ्याच्या, नवरा गेला की दिराच्या नाहीतर मुलाच्या. टपालाच्या सोयीसाठी निघालेला हा शब्द. पण तीसेक वर्षे मराठवाड्यातल्या शाखांमधून नोकरी करताना मला त्याची वेगळीच ओळख झाली. ज्याच्या द्वारा बाई राहते तो माणूस मेला, रुसला किंवा दुसरी करून बसला, की तिचा पत्ताच पुसला जातो. भिंती जागच्या जागी असतात, चूल असते, दारातली तुळसही असते. बाई तेवढी बेघर होते.

ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईला पुरती उमगली होती. नुसते उमगून ती थांबली नाही. तिने शेकडो-हजारो बायकांना कुणाच्याही द्वारा न लिहिता स्वतःच्या नावावर घालता येईल असा पत्ता मिळवून दिला. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावचा तो पत्ता. बाई म्हणजे पंडिता रमाबाई. नाव सगळ्यांच्या कानावरून गेलेले असते. शाळेच्या पुस्तकातला एखादा परिच्छेद, टपालखात्याने १९८९ साली काढलेले तिकीट आणि त्या ख्रिस्ती झाल्या एवढी माहिती. बऱ्याच मराठी घरांतून ओळख इथेच थांबते. ती थोडी पुढे न्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे गाव शिरड शहापूर, हिंगोली जिल्ह्यातले. गावात मल्लिनाथांचे जैन मंदिर आणि पलीकडे औंढ्याला नागनाथाचे ज्योतिर्लिंग. यात्रेकरूंची कुटुंबे बघत बघतच आम्ही मोठे झालो. देवळाच्या ओवरीत उतरलेला एखादा म्हातारा पुराणिक, त्याची पोथीची बासने, तीन दगडांची चूल मांडून बसलेली बायको आणि पेंगुळलेली पोरे. लहानपणी या पोरांचा हेवा वाटे. रोज नवे गाव, शाळा नाही, पाढे नाहीत! पुढे रमाबाईंचे बालपण वाचले आणि ध्यानात आले, की त्यांतल्या कित्येकांना यात्रा संपवून परतायला घरच नसणार.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित, मंगळूरकडचे. बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायचे त्यांच्या मनाने घेतले. बाईमाणसाच्या कानावर देववाणी घालणे त्या काळच्या सोवळ्या जगाला मानवले नाही. शास्त्रीबुवा शास्त्रार्थाला कमी नव्हते, पण रोजच्या कटकटीला कंटाळून त्यांनी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात आश्रम थाटला. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमा जन्मली. आश्रमात विद्यार्थी असत, पाहुण्यांचा राबता असे; हळूहळू हात आखडला, गाठीचे सरले. मूल सहा महिन्यांचे असताना कुटुंब यात्रेला निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घालून डोंगरावरून खाली आणले, असे सांगतात. त्या दिवसापासून पुढची तेवीस-चोवीस वर्षे या मुलीला स्थिर घर असे लाभले नाही.

गावोगावच्या देवळांत पुराण सांगायचे, श्रोते घालतील त्या शिध्यावर दिवस काढायचे आणि पुढच्या तीर्थाची वाट धरायची, असा त्यांचा क्रम. वडील थकत चालले तसे रमेला शिकवण्याचे काम आईने घेतले. पहाटेच्या अंधारात, निजलेल्या मुलीला मांडीवर घेऊन जागे करीत, तिने भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत करून घेतले. विद्या अशी भरपूर होती. भाकरीची सोय मात्र नव्हती.

१८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि हे कुटुंब त्यात सापडले. पुराण ऐकायला कोण येणार, शिधा कोण घालणार? आधी भांडी गेली, मग किडुकमिडुक दागिने गेले. शास्त्रीबुवांना मजुरी माहीत नव्हती आणि भीक मागायला जीभ रेटत नव्हती. काही दिवस रानातल्या पाल्यावर काढले. वडील गेले. थोड्याच दिवसांत आई गेली. तिच्या तिरडीला पुरेसे खांदे मिळेनात, तेव्हा मुलांनीच भार उचलला. रमेची चण लहान, खांदा पुरेना, म्हणून तिने आपला वाटा डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीणही गेली. उरली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा.

दुष्काळाचा विषय निघाला की आमच्या वयाच्या मराठवाड्यातल्या माणसाला पुस्तक उघडावे लागत नाही. १९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. आमच्या भागात रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा, साडीच्या झोळीत टांगलेली मुले, दुपारी वाटली जाणारी सुकडी आणि घरोघरी भाजल्या जाणाऱ्या मिलोच्या लाल भाकरी डोळ्यांपुढे तशाच्या तशा आहेत. त्या कामावर काही अशा बायका होत्या, की ज्यांच्या घरात पूर्वी कुणी उंबरा ओलांडला नव्हता. पहिले दोन दिवस त्या तोंडावर पदर घेऊन घण उचलत. शनिवारी हातात पगाराचे पैसे पडले, की तिसऱ्या दिवसापासून पदर खांद्यावर येई. मजुरीने पोट भरते एवढेच आपण म्हणतो. तिने मानही सरळ होते, हे मी त्या वर्षी पाहिले. डोंगरे कुटुंबाला त्यांच्या दुष्काळात ही वाट माहीत नव्हती. विद्या आणि अभिमान दोन्ही असून केवळ हाताला काम ठाऊक नाही म्हणून माणसे मरतात, हे रमाबाईंनी विसाव्या वर्षाच्या आत पाहिले होते. पुढे त्यांच्या घरात आलेल्या प्रत्येक मुलीला अक्षराबरोबर एखादा कामधंदा शिकावाच लागे. त्या नियमाचे मूळ इथे आहे.

दोघे भाऊ-बहीण पायी चालत राहिले. दक्षिणेतून उत्तरेत, पंजाब-काश्मीरपर्यंत आणि तिथून पूर्वेकडे. हजारो मैलांची ही पायपीट १८७८ साली कलकत्त्याला थांबली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, थक्क झाले आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वर्तमानपत्रांतून नाव देशभर झाले. पण सुख या बाईच्या वाट्याला हप्त्याहप्त्याने आणि फार थोडे आले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. दोन्हीकडच्यांनी पाठ फिरवली. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी. माहेर नाही, सासर नाही. सरकारी कागदावर लिहायला त्यांच्याजवळ कुणाचेही द्वारा उरले नव्हते.

अशा वेळी त्या पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर अशा सुधारक मंडळींनी स्वागत केले. १८८२ सालीच त्यांनी आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणाच्या चौकशीसाठी आलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींसाठी स्त्री शिक्षक हव्यात आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. पण सभा-समित्यांनी एका माणसाचा प्रश्न सुटत नव्हता, तो म्हणजे दारात येऊन उभ्या राहणाऱ्या एकट्या विधवेचा. तिला ठेवायचे कुठे? तसे पाहता याच पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी अडलेल्या विधवांसाठी आपल्या घराचे दार उघडले होते. पण बाळंतपणापुरता आसरा आणि आयुष्यभराची उभारणी यांत अंतर होते. ती उभारणी करायची तर स्वतः आधी शिकायला हवे, पैसा हवा, असे ठरवून रमाबाई १८८३ साली मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकायची होती, पण ऐकायला कमी येत असल्यामुळे तो बेत फसला. वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहिल्या, चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या आणि शिकवलेही. मठातल्या जोगिणींनी पतित म्हटल्या जाणाऱ्या बायकांसाठी चालवलेले घर त्यांनी पाहिले. ज्या बायकांना आपल्याकडे गावाबाहेर काढतात त्यांना तिथे प्रेमाने वागवले जाते, याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इकडे महाराष्ट्रात गदारोळ उठला. जोतीरावांसारख्या एखाद्याने सत्सारमध्ये त्यांची बाजू घेतली. बाकी टीकेला धरबंद राहिला नाही. गंमत अशी, की मिशनरी मंडळींनाही ही बाई सरळ पचली नाही. त्यांच्या धर्ममतांची ती उलटतपासणी करी, समजल्याशिवाय मान डोलावत नसे. कुणाच्या द्वारा विचार करण्याची सवय तिला कधी लागलीच नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच सुमारे तीन वर्षे राहिल्या. इथून पुढचा भाग मला, हिशेब तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला, विशेष भावतो. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १८८७ साली निघाले आणि हजारोंनी खपले. आलेला पैसा शाळेच्या निधीत गेला. गावोगाव व्याख्याने दिली, ठिकठिकाणी वर्गणीदारांची मंडळे बांधली. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. मुंबई प्रांतात विधवांसाठी निवासी शाळा काढावी, तिला दहा वर्षे पैसा पुरवावा आणि धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ असावी, असे ठरले. एकरकमी देणगी मिळाली की संस्था दिमाखात सुरू होतात आणि तिसऱ्या वर्षी बंद पडतात, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. दहा वर्षांची वर्गणी आधी बांधून मग दार उघडणारी बाई त्या काळात विरळा.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. समारंभाच्या अध्यक्ष होत्या काशीबाई कानिटकर, मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या कथा-कादंबरी लेखिका. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत पहिली विधवा होती कोकणातली गोदूबाई. मुंबईचा खर्च परवडेना म्हणून पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले. विधवांना तिथे घरातल्या मुलीसारखे वागवीत. केस वाढवायचे की नाही, कोणते लुगडे नेसायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. बागेत फिरायला, खेळायला, मोठ्याने हसायला मोकळीक होती. सासरच्या माजघरातल्या काळोख्या कोपऱ्यातून आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला त्या बागेचे काय वाटले असेल, याची कल्पना करावी. संस्थेचा अहवाल लिहिताना असल्या गोष्टींना रकाना नसतो.

मग १८९३ साल उजाडले. रमाबाई आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करीत. दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या, त्यांतल्या काहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळला. केसरीने टीकेची झोड उठवली. तटस्थतेच्या शब्दाचे काय, असा प्रश्न सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांनाही पडला आणि त्यांनी राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. रमाबाईंचे म्हणणे असे, की आपण कुणावर सक्ती केलेली नाही; पण आपल्या घरात आपल्या देवाचे नाव दार लावून घ्यायचे आणि येणाऱ्या मुलीला हाकलून द्यायचे, हे आपल्याने होणार नाही.

या प्रकरणावर आजही दोन तट पडतात. मला दोन्ही बाजूंना थोडे थोडे सांगावेसे वाटते. बेघर बाई घासाघीस करण्याच्या स्थितीत नसते. आसरा देणाऱ्या हाताचा देव तिला आपोआप मोठा वाटू लागतो, सक्तीची गरजच पडत नाही. तेव्हा राजीनामे देणाऱ्यांची शंका खोटी नव्हती, आणि दिलेल्या शब्दाला त्यांनी महत्त्व दिले यात वावगे काही नव्हते. पण काढून नेलेल्या मुलींसाठी दुसरे छप्पर त्या दिवशी पुण्यात कुठे होते? धर्म वाचवायला धावणाऱ्यांच्या वाड्यांत खोल्या रिकाम्या होत्या. कुणी त्या उघडल्याचे दिसत नाही. आक्षेप घेण्याचा अधिकार मान्य केला, तरी त्याबरोबर येणारा खर्च कुणीतरी उचलायला हवा होता.

तो उचलला एका गणिताच्या प्राध्यापकाने. धोंडो केशव कर्वे यांनी मार्च १८९३ मध्ये पुनर्विवाह केला, तो शारदा सदनातल्या याच गोदूबाईंशी. त्या झाल्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर झोपडीत गेला आणि पुढे त्यातूनच १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा, हिंगण्यासाठी वर्गणी गोळा करीत अमेरिकेपर्यंत गेली. रमाबाई रानड्यांचे पुण्याचे सेवासदन १९०९ चे. ज्यांना रमाबाईंचा देव नको होता त्यांनीही घर बांधताना त्यांचा नकाशा समोर ठेवला, असे म्हटले तर चूक होणार नाही. हिंगण्याचे नाव घेताना केडगावचे घ्यायला आपण विसरलो, एवढेच.

केडगावच्या खरेदीत पुन्हा त्यांच्यातली हिशेबी बाई दिसते. अमेरिकेची दहा वर्षांची हमी १८९८ ला संपणार होती. त्याआधीच त्यांनी तिथे सुमारे शंभर एकर माळरान घेतले. विहिरी खोदायच्या, फळबाग लावायची आणि उत्पन्नावर सदन चालवायचे, असा बेत होता. झाडे मोठी होईपर्यंत दुष्काळ थांबला नाही. १८९६-९७ साली मध्य प्रांतात लोक अन्नाविना मरू लागल्याच्या बातम्या आल्या. आपले विशीचे वय त्यांना आठवले असणार. त्या स्वतः उठून गेल्या. दुष्काळी छावण्या, रेल्वे स्थानके, रस्त्याच्या कडा पालथ्या घातल्या. अशा ठिकाणी एकट्या पोरींना भाकरीचे आमिष दाखवून नेणारे दलालही फिरत असत. त्यांच्या तावडीत सापडण्याआधी जेवढ्या उचलता येतील तेवढ्या उचलल्या. सुमारे तीनशे मुली आणि बायका आल्या. कातडीला हाडे चिकटलेली, अंगभर खरूज, कित्येक दिवस धड बोलणेही नाही.

नेमका त्याच वेळी पुण्यात प्लेग आला आणि शहरात एवढी नवी माणसे ठेवायला मनाई झाली. मग सगळ्या केडगावच्या माळावर, तंबूत आणि गवती खोपटांत. यातून मुक्ती सदन उभे राहिले. धड भरल्या पोटाच्या झालेल्या मुलींना नव्याने येणाऱ्या मुलींची जबाबदारी दिली जाई. एकेका मोठ्या मुलीच्या पदराला चार-सहा लहानग्या. पगारी नोकरांनी चालणारे काम हे नव्हतेच. १९०० साली गुजरात आणि राजपुताना होरपळला तेव्हा केडगावची माणसे तिकडे धावली आणि शेकडो मुली घेऊन आली. मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आमच्याकडे हजाराच्या वस्तीच्या गावाला पाण्याचा टँकर वेळेवर मिळाला नाही तर काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या आकड्याचा अर्थ सांगायला नको.

एवढी माणसे रोज दोन वेळा जेवायची. म्हणून शेती, भाजीमळा, गुरे, दूधदुभते. अंगावर कपडा हवा म्हणून विणकाम, शिवणकाम. शिवाय तेलाची घाणी, दळण, धुलाई, टोपल्या विणणे आणि छापखाना. अक्षरओळख सगळ्यांना. ज्या मुलीला शाळेत गती नसेल तिला हातकाम. दृष्टी नसलेल्यांसाठी मनोरमाबाईंनी ब्रेलची सोय केली. वेताच्या विणकामात त्या तरबेज झाल्या. फसवल्या गेलेल्या, टाकून दिलेल्या बायकांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन. लहान भावाला सोडून यायला तयार नसलेल्या बहिणी होत्या, म्हणून मुलांसाठीही वेगळी व्यवस्था झाली. बाई एकटी बेघर होत नाही, तिच्याबरोबर तिची पोरे आणि म्हातारी माणसेही होतात, हे तिथल्या इमारतींच्या नावांवरूनच कळते. जात पाहून पंगत वेगळी बसत नव्हती. मुक्ती उघडउघड ख्रिस्ती संस्था होती, तिथे भजन-प्रार्थना ख्रिस्ती होत्या, हेही स्पष्ट सांगायला हवे. शारदा सदनाच्या काळातला तटस्थतेचा करार आता उरला नव्हता.

आमच्या मुलखाशीही त्यांचा संबंध आला. मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता त्याच राज्यातल्या गुलबर्ग्याला त्यांनी पुढे मुलींची शाळा काढली आणि तिचे काम मनोरमाबाईंकडे सोपवले. ब्रिटिश मुलखाच्या मानाने निजामाच्या राज्यात मुलींच्या शिक्षणाची अवस्था दीनवाणी होती. पुण्याजवळ मोठा पसारा मांडून बसलेल्या बाईला एवढ्या लांबच्या, मागासलेल्या जिल्ह्यात हात घालावासा वाटला, याची आम्हा मराठवाड्याच्या लोकांनी तरी नोंद ठेवावी.

एवढ्या व्यापात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सगळे बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणायचे. अठरा वर्षे हे चालले. खिळे जुळवणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या, छपाई यंत्रावर उभ्या राहणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्याच बायका. धर्मग्रंथ कोणता हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. दुष्काळात रस्त्याच्या कडेला टाकलेली मुलगी मोठी होऊन छापखान्यात खिळे जुळवते आहे, हे चित्र त्या काळच्या महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे दिसले असते? १९१९ साली सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. त्याचे त्यांना फारसे अप्रूप असेलसे वाटत नाही.

शेवटी त्यांचे स्वतःचे घरही काळाने उरू दिले नाही. जिच्यावर पुढचा सगळा भार टाकायचा ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये मिरजेला वारली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. रमाबाई त्यानंतर आठ-नऊ महिने जगल्या. भाषांतराचे काम त्यांनी हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच डोळे मिटले. चौसष्टावे वर्ष पुरे व्हायला अठरा दिवस उरले होते. त्यांचे बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. रक्ताचे कुणी मागे राहिले नव्हते, तरी घर बंद पडले नाही. मुक्ती मिशन आजही केडगावला उभे आहे.

रमाबाईंचे मोठेपण सांगताना त्यांची विद्वत्ता, पदव्या, परदेशप्रवास यांचीच यादी लांबते. माझ्या लेखी त्यांची खरी कमाई त्या घराच्या नियमांत आहे. आलेल्या बाईला आधी जेवू घाला, मग वाचायला शिकवा, मग हाताला असे काम द्या की उद्या ती इथून गेली तरी कुणाच्या उंबऱ्यावर उभी राहणार नाही. दानधर्म आपल्याकडे पूर्वापार आहे. अन्नछत्रे आहेत, धर्मशाळा आहेत. पण धर्मशाळेत तीन रात्रींनंतर चौथ्या रात्री पुढे काय, हा प्रश्न वाटसरूने सोडवायचा असतो. ज्या मुलीने लहानपण ओवऱ्यांत काढले तिला या चौथ्या रात्रीची धास्ती माहीत होती, म्हणून तिने धर्मशाळा बांधली नाही.

कायदा त्यांच्यामागून सावकाश आला. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा वाटा दिला, देशाने २००५ साली. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. २०१४ नंतर जनधनमुळे गावोगावच्या बायकांची खाती निघाली, घरकुलाच्या कागदावर बाईचे नाव लागू लागले. यादी वाईट नाही. पण दिवाळी सरली की आमच्या भागातून ऊसतोडीला निघणारी जोडपी अजून दिसतात. घराला कुलूप, मुकादमाची उचल अंगावर, आणि पुढचे पाच-सहा महिने फडाशेजारच्या कोपीत. एका जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात. जोडीतला पुरुष गेला किंवा सोडून गेला, तर मोजणीत अर्धाच कोयता उरतो. अर्ध्याला कुणी उचल देत नाही. मग त्या बाईने मुलांना घेऊन कुठे जायचे?

जिल्ह्याच्या गावी एखादे शासकीय आधारगृह असते, कुठे एखादी संस्था नेटाने काम करीत असते. त्यांच्या दारापर्यंत पोचायलाही कुणीतरी वाट दाखवावी लागते. शिरडच्या मंदिराशी किंवा औंढ्याच्या ओवरीत आजही एखादी बाई दोन पोरांना घेऊन, कुठल्याच यात्रेचा दिवस नसताना, दोन-तीन दिवस बसून राहिलेली दिसते. येणारे जाणारे तिच्यापुढे नाणे टाकतात. तिला कुठून आलीस हे सगळे विचारतात. काय काम येते, हे विचारायचे रमाबाईंनी शिकवून ठेवले आहे.